नेबो डोंगरावर राहिलेले कीर्तन

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात शब्बाथ संपल्यानंतर झालेल्या भाषणमालेतील हे भाषण ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



सण आठ दिवसांवर आला असताना मला ‘पाहुणचार’ या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले. आब्राहाम आवीनूंच्या तंबूचे चारही दरवाजे उघडे असत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी या सभागृहात बसली आहेत. मी केवळ एका सणाची हकिकत सांगणार आहे. ही गोष्ट 1993 सालची आहे. त्या वर्षीच्या सिम्हाथ तोराला येरुहाममधील आमच्या दोन खोल्यांच्या शिकूनमध्ये तीन वादक मंडळी उतरली होती. त्यांच्या सोबत आली होती एक पेटी.

येरुहाम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. 1951 साली नेगेवच्या उघड्या माळावर ते वसले. मोरोक्कोतून आलेले, इराणातून, रुमानियातून आलेले आणि मग आपले कोकणातले लोक. 1990 नंतर रशियन बोलणारी कुटुंबे आली. गाव इतके लहान की एका टोकाला खोबरे खवले तर दुसऱ्या टोकाला कळावे. अशा गावात वर्षातून एकदा एक मोठा सोहळा होत असे, तो म्हणजे ‘हकाफोत श्नियोत’, अर्थात दुसऱ्या प्रदक्षिणा.

मुलांसाठी थोडे स्पष्ट करते. या देशात शेमिनी अत्सेरेत आणि सिम्हाथ तोरा एकाच दिवशी, तिश्रीच्या 22 तारखेला येतात. देशाबाहेर, म्हणजे मुंबईत, पनवेलला, अलिबागला सिम्हाथ तोरा 23 तारखेस. आपला सण सूर्यास्ताला संपतो, तेव्हा तिकडच्या मंडळींच्या हकाफोत नुकत्याच होत असतात. त्यांच्या आनंदात सहभागी व्हावे म्हणून आपण त्या रात्री पुन्हा सेफर तोरा घेऊन फिरतो, असे एक कारण सांगितले जाते. साफेद येथील आरींच्या काळापर्यंत ही चाल मागे नेली जाते. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तेल अवीवच्या फ्लोरेंटिन वस्तीत रब्बी येदिद्या फ्रेंकेल यांनी युरोपातील पीडित बांधवांची आठवण म्हणून तिला सार्वजनिक रूप दिले. मात्र वादकांच्या दृष्टीने खरी गोष्ट निराळीच आहे. योम तोवला वाद्य वाजवता येत नाही. 23 तारखेची रात्र येथे साधी रात्र असते, म्हणून वाद्ये वाजतात. गावोगावी मंच उभारले जातात, ते यामुळेच.

1993 साली गावच्या समितीने प्रथमच आपल्या समाजाला त्या मंचावर पंधरा मिनिटे देऊ केली. “काहीतरी भारतीय करा,” असा निरोप आला. त्यांच्या मनात बहुधा साड्या नेसलेल्या मुलींचे नृत्य असावे. माझे यजमान मात्र हट्टाला पेटले. करायचे तर कीर्तनच.

कीर्तन आपल्याकडे कसे आले, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या काही मंडळींनी हरिदासांची कीर्तने ऐकली आणि तोराखातील चरित्रे त्याच घाटात रचण्यास आरंभ केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर ही त्यांतील अग्रणी नावे. हिब्रू न समजणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना आब्राहाम, योसेफ, मोशे कळले ते साकी, दिंडी आणि आर्या यांतून. माझे सासरे, ज्यांना आम्ही पापा म्हणत असू, त्या परंपरेतले होते. पनवेलला ते शाळामास्तर होते. तेथील बेथ एल सिनेगॉगच्या आवारात आणि आसपासच्या घरांत त्यांची कीर्तने होत. त्यांची स्वतःच्या हस्ताक्षरातली मोशेचरित्राची वही आमच्या कपाटात, सिद्दुरांच्या मागे ठेवलेली होती. मी सून म्हणून आल्यापासून ती वही मी पुसून जागेवर ठेवली. त्यांना ती उघडताना कधी पाहिले नाही.

कारण मला पुष्कळ उशिरा समजले. पापा 1963 साली येथे आले. सामानाची मर्यादा होती, म्हणून पेटी पनवेललाच एका मित्राकडे ठेवून आले. हा मित्र भजनी मंडळात तबला वाजवी आणि पापांच्या कीर्तनाला साथही तोच करी. ते दिवस आपल्या समाजाला किती जड गेले, 1964 साली जेरुसलेममध्ये आपल्या लोकांना धरणे का धरावे लागले, ते येथे बसलेल्यांपैकी काहींनी अंगावर सोसले आहे. मी त्यात शिरत नाही. त्यानंतरच्या एका वर्षी एका गावसभेत पापांना गाण्यास उभे केले गेले. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या टाळांवर त्यांनी पूर्वरंग सुरू केला. आठव्या मिनिटाला सूत्रसंचालकाने हसतमुखाने त्यांच्या हातून माईक घेतला आणि आता सर्वांना कळेल असे काहीतरी ऐकू या, असे जाहीर केले. कोणी अपशब्द बोलले नाही. टाळ्यादेखील वाजल्या. पापा घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी मराठीत चार ओळीही लोकांपुढे म्हटल्या नाहीत. सिनेगॉगमध्ये तेफिल्ला म्हणत, खणखणीत म्हणत, पण तेवढेच.

तेव्हा समितीचा निरोप सांगताच ते म्हणाले, “करा. आठव्या मिनिटाला माईक काढून घेतील.” आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

आता पाहुण्यांविषयी. गाणारे व पेटी वाजवणारे स्नेही लोदचे. बुलबुलतरंग वाजवणारे गृहस्थ दिमोनाचे. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण योम तोवला वाहन नाही, म्हणून तेही आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. तिसरे पनवेलचे, पापांच्या त्या तबलजी मित्राचे चिरंजीव आणि माझ्या यजमानांचे बालमित्र. अकराव्या वर्षी दोघांची ताटातूट झाली होती. पत्रे मात्र चालू होती. 1992 च्या जानेवारीत दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि येणे-जाणे सोपे झाले, तेव्हा त्यांनी लिहिले की मी येतो, आणि वडिलांनी मरताना सांगितलेले एक ओझे उतरवायचे आहे. कसले ओझे, ते लिहिले नाही.

होशाना रब्बाच्या दुपारी, बीरशेबाहून येणाऱ्या शेवटच्या बसमधून लोदचे स्नेही आणि पनवेलचे भावोजी उतरले. दोघांच्या मध्ये, जुन्या सतरंजीत बांधलेली, सुंभाने आवळलेली पापांची पेटी होती. विमानतळावर ती उघडून दाखवावी लागली. आत काय आहे, ते तपासणाऱ्या तरुणाला समजेना. शेवटी तो म्हणाला, वाजवून दाखवा. आमच्या लोदच्या मित्राने तेथेच खाली बसून एक हिब्रू गाणे वाजवले आणि मग त्या तरुणाने स्वतः सुंभाची गाठ मारून दिली. ती गाठ मात्र अशी बसली की नंतर कोणाला सुटेना.

ते घरात शिरले, तेव्हा दिवे लावण्यास जेमतेम वीस मिनिटे होती. पापा स्नान करून, पांढरा सदरा घालून बसले होते. भावोजींनी वाकून नमस्कार केला आणि पेटी त्यांच्या पायाशी ठेवली. “काका, बाबांनी दर पावसाळ्यात हिला माळ्यावर ऊब दिली. एक सूर चिकटतो आहे, बाकी ठीक आहे.” पापांनी सतरंजीवर हात ठेवला. सतरंजी पनवेलची होती, ती त्यांनी ओळखली. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, “सण लागला. कोपऱ्यात सरकवा.”

त्यानंतरची रात्र आणि पुढचा सगळा दिवस ती पेटी आमच्या बैठकीच्या खोलीत बांधलेली पडून होती आणि आम्ही आठ माणसे तिला वळसा घालून ये-जा करत होतो. गृहिणी म्हणून माझ्यापुढे दुसरेच प्रश्न होते. दोन खोल्यांत आठजण. पुरुष मंडळी सुक्कामध्ये झोपली असती, पण होशाना रब्बानंतर तेथे झोपण्याचे बंधन नाही आणि नेगेवची ऑक्टोबरातली रात्र पनवेलच्या माणसाला सोसणारी नाही, म्हणून गाद्या आत आल्या. नारळाच्या दुधातला मासा, आंबटतिखट मटण, वालाचे बिरडे आणि चिकाचा हलवा आधीच करून ठेवला होता. योम तोवला पेटत्या ज्योतीवर स्वयंपाक चालतो, तेव्हा भात ताजा होत राहिला. भावोजी शाकाहारी निघाले! तीस वर्षांच्या पत्रव्यवहारात माझ्या यजमानांनी ही एक गोष्ट कधी कळवली नव्हती. दोन दिवस बिरडे त्यांच्या वाट्याला गेले आणि हलवाही. मटणाच्या पंक्तीला चालावा म्हणून हलव्यात गाईचे दूध नसून नारळाचे असते, हे मी सांगू लागले, तर ते म्हणाले, “वहिनी, आमची शेजारीण शनवार तेल्यांची होती. तिच्या हातचा हलवा खाऊनच मी वाढलो.” शनवार तेली! कित्येक वर्षांत तो शब्द ऐकला नव्हता. पापा हसले. त्या दिवसात ते हसल्याचे मला आठवते ते तेवढेच.

सकाळी सिनेगॉगमध्ये हकाफोत झाल्या. भावोजी मागे बाकावर बसणार होते, पण मुलांनी त्यांना ओढले आणि सातही प्रदक्षिणा ते कोणाचे ना कोणाचे पोर खांद्यावर घेऊन फिरले. जेवणानंतर मात्र त्यांची बोटे स्वस्थ राहीनात. तबलजीच्या बोटांना रोजचा रियाज लागतो. टेबलाच्या कडेवर नकळत धुमाळी सुरू झाली. मग त्यांच्या लक्षात आले, घरात सण आहे. त्यांनी हात मांडीखाली घेतला. पापा डोळे मिटून पडले होते. ते म्हणाले, “तुला कोणी मना केले आहे? बंधन आम्हाला.” परंतु भावोजींनी पुन्हा बोट उचलले नाही. सूर्यास्तापर्यंत नाही. कोणी सांगितले नव्हते, धर्माने बांधले नव्हते. यजमानांच्या घरी जे होत नाही ते आपणही करायचे नाही, एवढाच त्यांचा हिशेब. थोड्या वेळाने मी पाहिले, तर पांघरुणाखाली पापांचा अंगठा हलत होता. आठ मात्रांनी.

त्या संयमाची किंमत आम्हाला संध्याकाळी कळली. सहाच्या सुमारास तारे दिसले, द्राक्षरसावर हव्दाला झाली आणि भावोजींनी तबल्याची गवसणी काढली. कोकणच्या दमट हवेत वाढलेली कातडी, आणि येथली हवा पापडासारखी कोरडी. काळी एकला लावलेला तबला काळी दोनच्या जवळ जाऊन बसला होता. सबंध दिवस हात लावला नव्हता, त्यामुळे कोणास पत्ता नाही. गठ्ठे वर सरकवणे, गजऱ्यावर खालून हातोडीचे ठोके देणे सुरू झाले. एक बाजू उतरे, तोवर दुसरी चढे. पाऊण तास ठोकाठोक चालली. वरच्या मजल्यावरचे रशियन शेजारी नळदुरुस्ती समजून खाली आले. ते तिकडे संगीत शिकवत असत आणि येथे कारखान्यात रात्रपाळी करत. त्यांनी तबल्यावर कान ठेवून ऐकले, हाताने ‘अजून खाली’ अशी खूण केली आणि कामावर जायचे विसरून आमच्याबरोबरच मंचापर्यंत आले.

निघताना माझ्या यजमानांनी पापांना विचारले. पापा म्हणाले, “थंडी आहे. तुम्ही जा.” पेटी कोपऱ्यात तशीच होती. लोदच्या मित्राने स्वतःची पेटी उचलली.

मंच शाळेच्या मैदानात होता, आमच्या गच्चीपासून फार दूर नाही. आमच्या आधी मोरोक्कन पैतानांचा समूह, आमच्यानंतर विजेची गिटार घेतलेली तरुण मुले. आम्हा स्त्रियांविषयी आधीच ठरले होते की मंचावर पुरुषच गातील. याविषयी मला त्या वेळी राग होता आणि तो पूर्ण गेला आहे असे मी म्हणणार नाही. या देशात कीर्तन जिवंत राहिले ते बहुतांशी स्त्रियांच्या कंठात. पण त्या रात्री भांडण्यासारखा वेळ नव्हता. आम्ही सातजणी पहिल्या बाकांवर बसलो आणि झील खालूनच धरायची असे आपसात ठरवले. बाकावर बसलेल्या बाईला गप्प बस म्हणून कोण सांगणार?

विषय त्या दिवसाच्या पाराशाचाच घेतला होता, वझोत हब्राखा. मोशे रब्बेनू नेबो डोंगरावर चढतात, परमेश्वर त्यांना सगळा देश दाखवतो आणि तेथेच त्यांचा अंत होतो. आनंदाच्या रात्री मृत्यूची कथा कशाला, असे समितीतल्या एकाने विचारले होते; पण सिम्हाथ तोराला आपण तेच वाचतो आणि लगेच बेरेशीतला आरंभ करतो. पापांची वही त्यांच्या परवानगीने घेतली होती. परवानगी म्हणजे, मी विचारले आणि ते काही बोलले नाहीत.

लोदच्या मित्राने हिब्रूत दोन वाक्यांत कथा सांगितली आणि साकी उचलली. मी घड्याळ पाहत होते. चौथ्या मिनिटाला आमची झील मागच्या रांगांपर्यंत पोचली. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मोरोक्कन आज्यांनी तोंडाने तो त्यांचा आनंदाचा उलूलू आवाज काढला. तबल्याची उठान त्यांना फार आवडली असावी, कारण प्रत्येक तिहाईला त्या तो काढू लागल्या. रशियन शेजारी मंचाच्या कडेला गुडघे टेकून पेटीसमोर माईक धरून बसले होते, कारण माईकचा दांडा मोडला होता. आठवे मिनिट आले आणि गेले. नवव्याला सूत्रसंचालक उठून उभा राहिला. त्याने काही केले नाही, फक्त उभा राहिला. कदाचित पाय मोकळे करायला. पण आमच्या गायकाने ते पाहिले. त्यालाही पापांची हकिकत ठाऊक होती. तो घाबरला. मोशे नेबोच्या शिखरावर उभे आहेत, देश पाहत आहेत, एवढ्यावर त्याने चरित्र सोडून दिले आणि सर्वांना येणाऱ्या हिब्रू गाण्यावर उडी मारली. मैदान नाचू लागले. दिमोनाच्या गृहस्थांनी बुलबुलतरंगावर जी काही गत घेतली, ती गिटारवाल्या मुलांनी नंतर तीनदा वाजवून मागितली. सगळ्यांनी आमचे अभिनंदन केले. पंधरा मिनिटे दिली होती, आम्ही बावीस घेतली.

मध्यरात्रीनंतर आम्ही खिदळत जिना चढलो आणि दारात थांबलो. बैठकीत दिवा होता. सुंभ सुरीने कापलेला होता. पापा सतरंजीवर बसले होते, पेटी उघडी, भात्याच्या एका घडीला भोक पडले होते त्यावर औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावलेली. गच्चीचे दार उघडे होते. त्या थंडीत त्यांनी ते बंद केले नव्हते.

“तबला चढला होता,” ते म्हणाले.

“हो काका,” भावोजी म्हणाले. “पाऊण तास उतरवला.”

“अजून अर्धा सूर उतरायला हवा होता.” मग लोदच्या मित्राकडे वळले. “आणि तुम्ही मोशेला डोंगरावरच ठेवून आलात.”

कोणाला काय बोलावे ते सुचेना. मित्राने सूत्रसंचालकाचे सांगितले. पापांनी मान हलवली. त्यांना राग आला होता की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी वही दिली. त्यांनी ती न उघडता मांडीवर ठेवली आणि सोडून दिलेली साकी जेथे तुटली होती, तेथून उचलली.

आवाज जुना झाला होता. वरचा सूर लागत नव्हता, तेथे ते पेटीवर बोट ठेवून पुढे जात. आणि पेटीचा चिकटणारा सूर आला की बोटाने उचलून मोकळा करत. भावोजींनी बायावर हलकेच हात ठेवला. मोशेंना देश दाखवला जातो त्या ठिकाणी तोराखात प्रदेशांची नावे ओळीने येतात: गिलाद, दान, नफ्ताली, एफ्राईम, यहूदा आणि मग नेगेव. वहीत पापांनी पनवेलच्या दिवसांत, जुन्या मराठी भाषांतरांच्या रीतीने, ‘दक्षिण देश’ असे लिहिले होते. मात्रा त्यावरच बसवल्या होत्या. त्या रात्री त्यांनी तेथे ‘नेगेव’ म्हटले. मात्रा कमी पडल्या. त्यांनी शेवटचे अक्षर लांबवून त्या भरून काढल्या आणि पुढे गेले. अंत झाला, तीस दिवसांचा शोक झाला, यहोशुआ उभा राहिला. झील आम्ही धरली, दबक्या आवाजात, कारण खाली लेकुरवाळे कुटुंब राहत असे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारच्या आत लोदचे व दिमोनाचे पाहुणे शब्बाथसाठी घरी जाणे भाग होते, म्हणून सकाळीच पोहे, खोबरे, साखर आणि पाच फळे आणून मलिदा केला, एलियाहू हन्नावीचे नाव घेतले आणि पानांत बांधून दिला. भावोजी आणखी दहा दिवस राहिले. त्यांनी पापांकडून चिकटणाऱ्या सुराची पट्टी काढून घेतली, घासली, परत बसवली. ती दुरुस्ती पुरेशी झाली नाही. येथील हॉलमध्ये आपण जी पेटी वापरतो, ती तीच आहे, आणि मध्य सप्तकातला तो सूर अजून चिकटतो, म्हणून पुढच्या आठवड्यात जो कोणी वाजवील, त्याने बोट जरा उचलून घ्यावे. वही मी आज सोबत आणली आहे. ज्यांना उतरवून घ्यायची असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. फक्त तेलकट हाताने धरू नये.